मावशी, स्विफ्टने मुलं खायला सांगितली नव्हती

'जुना अभिजात विनोद असा होता!' हा फॉरवर्ड महिनाभर फिरतोय. मावशीने तो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा मी गप्प होतो. पण भाच्याने तो शाळेच्या प्रकल्पवहीत उतरवला, मग राहवेना.

फॉरवर्डचं म्हणणं असं: जुना विनोद निर्मळ, कुणाला न दुखवणारा. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' हे मुलांचं पुस्तक. आणि ते लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्ट या इंग्रजाने पुढे डोकं फिरल्यावर गरिबांची मुलं खाण्याचा प्रस्ताव मांडला.

शेवटचंच आधी घेतो. तो प्रस्ताव म्हणजे आयर्लंडच्या गरिबीवरचं १७२९चं पत्रक, 'अ मॉडेस्ट प्रपोजल'. छोटंसं आहे, वाचा तरी! त्यात बोलतो तो स्विफ्ट नव्हे, त्याने उभा केलेला एक हिशेबी गृहस्थ. मूल वर्षभर पोसायला दोन शिलिंग, विकून दहा, आईला निव्वळ नफा आठ. हे मांस महाग पडेल, म्हणून ते जमीनदारांनाच शोभेल. आईबापांना त्यांनी खाल्लंच आहे, तेव्हा मुलांवरही हक्क त्यांचाच. आवाज कुठे चढत नाही. हा उपरोध. नऊला उठलेल्या सुनेला सासू 'झाली का गं झोप, की पडतेस अजून थोडी?' म्हणते, ते मावशीला बरोबर कळतं की! शेवटाकडे तो गृहस्थ 'बाकीचे उपाय मला सांगू नका' म्हणत ते उपायच मोजतो: परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर, देशी कापड, कुळांवर थोडी दया. खरा प्रस्ताव तो. देशी मालाचं स्विफ्टने १७२०मध्ये सरळ लिहिलं, तर छापणाऱ्यावर खटला झाला.

'इंग्रज'? आईबाप इंग्रज, कबूल. जन्म आयर्लंडमधल्या डब्लिनचा, डीन (मुख्य धर्मगुरू) तिथल्याच कॅथेड्रलचा.

'निर्मळ'? गलिव्हर राणीच्या महालाची आग लघवी करून विझवतो. 'न दुखवणारा'? अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून अकरा हजार माणसं मरण पत्करतात, हा टोला थेट कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणाला. १७२६मध्ये पुस्तक स्विफ्टच्या नावाशिवाय आलं, ते उगीच नाही.

मुलांचं पुस्तक? पहिल्या भागातला बुटक्यांचा देश, लिलिपुट, तिसरीत मलाही आवडला होता. चौथ्या भागातले याहू, म्हणजे माणसासारखे दिसणारे किळसवाणे रानटी प्राणी, मात्र तिसरीतल्या पोरांसाठी नाहीत.

मावशीचं उत्तर आलं: 'पण लिहिलंय ना त्याने, मुलं खा म्हणून?'

लिहिलंय. शेवटी त्या हिशेबी गृहस्थाच्या तोंडी हेही लिहिलंय: 'यात माझा स्वार्थ नाही. माझं धाकटं मूल नऊ वर्षांचं आणि बायकोचं मूल होण्याचं वय सरलंय.' स्विफ्टला मूलबाळच नव्हतं.