‘प्लांटमध्ये पाय ठेवलाय का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

बिअरच्या कारखान्यात लिक्विड कार्बन डायऑक्साइडचा गॅस होताना थंडी वाया जाते, ती चिलरच्या, म्हणजे गार करणाऱ्या यंत्राच्या, मदतीला घ्या, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकाने लिहिलं: ‘काका, थंडी वाया जात नसते, उष्णता काढली जाते, दहावीच्या पोरालाही कळतं. कार्बन डायऑक्साइड लागतो कधी, चिलरवर लोड येतो कधी, मग वाचणार काय? कधी प्लांटमध्ये पाय तरी ठेवलाय का? आणि दारूबंदीच्या वर्ध्यात बसून बिअरचं कौतुक कशाला?’

भाऊ, काका म्हणालात, चालते. थंडी ही वस्तू नाही, हेही मान्य. आम्ही शिफ्टला तसंच बोलायचो, लेखातही तेच आलं. पण ‘पाय ठेवलाय का’?

आयटीआय करून गावाकडून थेट वाळूजला गेलो. एका बिअर प्लांटच्या युटिलिटीत, म्हणजे गॅस-कूलिंग सांभाळणाऱ्या विभागात, अकरा वर्षं काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. लिक्विड कार्बन डायऑक्साइडची टाकी उणे २० अंशांच्या आसपास. बिअरमध्ये गॅस भरायचा तर आधी त्या लिक्विडचा गॅस करावा लागतो, म्हणून बाहेर व्हेपरायझर. मे महिन्याच्या दुपारी शेडचा पत्रा तापून कडकड वाजायचा आणि त्या व्हेपरायझरच्या धातूच्या पात्यांवर बोटभर पांढरा बर्फ! गॅस कमी पडला की हेल्पर पाइप घेऊन त्यावर पाणी मारायचा. भिंतीपलीकडे अमोनियाचा कॉम्प्रेसर ग्लायकॉल, म्हणजे बिअर गार ठेवायला फिरवतात ते न गोठणारं द्रव, गार करायला ऊर फुटेस्तोवर धापा टाकतोय. एकदा हातमोजे न घालता व्हेपरायझरचा व्हॉल्व्ह फिरवला, तर्जनीची कातडी तिथंच चिकटून राहिली. वण दाखवू?

एक किलो लिक्विडचा गॅस व्हायला साधारण २८० किलोज्यूल उष्णता लागते. तासाला १०० किलो वापर धरा, जवळपास ८ किलोवॅट, म्हणजे दोन टनांहून थोडं जास्त कूलिंग (एसीचा ‘टन’ असतो तोच). ही उष्णता उन्हातून घेण्याऐवजी परतीच्या ग्लायकॉलमधून घ्यायची, मध्ये एक हीट एक्स्चेंजर टाकायचा, तेवढा भार कॉम्प्रेसरवरून उतरतो. मी साहेबांना हे कागदावर काढून दिलं होतं. ‘तू व्हॉल्व्ह बघ’ म्हणाले. तुमची भाषा वाचून त्यांचीच आठवण झाली.

लोडच्या वेळेचं म्हणाल, तर गार ग्लायकॉल साठवायची टाकी काय शोभेला असते? तो हिशोब पुन्हा केव्हातरी. दारूबंदीचं इथं काय काम, ते तुम्हालाच ठाऊक. मी चहावाला माणूस आहे.

आणि हो, व्हेपरायझर लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात होता. तिथपर्यंत आला असता तर बरं झालं असतं.