को-जन म्हणा, कोळसा म्हणू नका

पुणे जिल्ह्यात कोळशावर वीज करायची आहे? उत्तम विचार. फक्त 'कोळसा' हा शब्द तोंडातून निघू देऊ नका. 'को-जन' म्हणा, म्हणजे सहवीज: एकाच इंधनातून वीजही आणि कामाची उष्णताही. दौंड-इंदापुराकडं को-जन म्हटलं की माणसाला साखर कारखाना आठवतो, बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आठवतो, मन गोड होतं. कायदाही तुमच्या बाजूनं आहे. २००३ च्या वीज कायद्यातल्या कलम ८६ नं सहवीज आणि अक्षय ऊर्जा एकाच दमात उच्चारल्या आहेत. २०१० मध्ये विजेच्या अपिलीय न्यायाधिकरणानं तर सांगूनच टाकलं, की सहवीज कुठल्याही इंधनावरची असो, तिच्यावर हरित वीज घ्यायची सक्ती नको. म्हणजे चंद्रपूरचा कोळसा दौंडला उतरेपर्यंत काळा, पुढं हिरवा.

मेगावॉट जपून लिहा. ५०० झाले की पर्यावरण मंजुरीची फाईल दिल्लीला, त्याखाली मुंबईतच फिरते.

पर्यावरण अहवाल सल्लागार देईलच, बहुधा जुनाच, नव्या पुठ्ठ्यात. गावाचं नाव सगळीकडं बदललंय ना, तेवढं बघा. मधेच मच्छीमारांची जेटी निघाली तर भीमेकडं बोट दाखवा. (खोट्या माहितीवर मंजुरी रद्द होऊ शकते, असं या मंजुरीची २००६ ची अधिसूचना म्हणते. म्हणू दे.) आणि 'प्रकल्पामुळे परिसरात चिमणी येईल' हे वाक्य जरूर टाका. त्यात खोटं काहीच नाही.

जनसुनावणीची जाहिरात ३० दिवस आधी द्यावी लागते, पण गणपूर्तीची अट नाही. म्हणून मे महिना, दुपारी बारा. तरी लोक येतात, हा या जिल्ह्याचा दोष आहे. माईक कुईं करतो, अप्पर जिल्हाधिकारी घाम पुसतात, आणि पहिल्या रांगेतले आजोबा उठून विचारतात, "सायेब, राख कुठं टाकनार?" शंभर टन कोळशामागं तीस-चाळीस टन राख. तुम्ही म्हणा, विटा करू. कितीही राख असो, विटा.

मंजुरी मिळाली तरी पेढे लगेच वाटू नका. हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ नेमकं पुण्यात, कौन्सिल हॉलसमोर. विरोधकाला पीएमपी बसच्या तिकिटात तिथं पोचता येतं. अपिलाला ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. फाईल परत आली तर 'नामंजूर' म्हणायचं नाही, 'त्रुटींची पूर्तता सुरू आहे' म्हणायचं. अशी पूर्तता वर्षानुवर्षं करता येते.

खरी पंचाईत मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलीची. ती वही उघडून विचारते, "साध्या कोळसा केंद्रात उष्णतेच्या तिसऱ्या हिश्श्याचीच वीज होते. को-जनमध्ये उरलेली वाफ शेजारच्या कारखान्याला देतात, म्हणून सत्तर-ऐंशी टक्के उष्णता कामी येते. मग तुमची वाफ घेणार कोण? शेजारी तर आमची ज्वारी आहे."

सल्लागार तुमच्याकडं बघेल. तुम्ही त्याच्याकडं बघू नका. चहा आणायला सांगा, गरमागरम. मंडपात कुठंतरी वाफ दिसली पाहिजे.