कोल्हापूर जगात भारी आहेच, पण त्या मेसेजात लिहिलंय म्हणून नव्हे

'जगात भारी, आम्ही कोल्हापुरी' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडं फिरतोय. शहराची मान उंचावणाऱ्या गोष्टींची यादी, अधेमधे भगवे झेंडे, आणि शेवटी 'खरा कोल्हापूरकर असशील तर दहा ग्रुपवर पाठव' अशी तंबी. असले मेसेज मी एरवी न वाचता उडवतो. पण भाचीनं 26 जूनला, शाहू जयंतीला, शाळेत करायच्या भाषणासाठी हाच जसाच्या तसा वहीत उतरवला आणि बहिणीनं कौतुकानं ती वही माझ्यापुढं धरली, तेव्हा वाचावाच लागला. तिसऱ्या मुद्द्याखाली पोरीनं लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या. म्हणजे तोच ठासून बोलायचा होता. सगळ्या यादीत वाईट मुद्दा तोच, म्हणून सुरुवात तिथूनच.

मेसेज म्हणतो: 'राजर्षी शाहू महाराजांनी 1902 साली 50 टक्के आरक्षण दिले, तेही जातपात न पाहता, सर्व जातींतील गरिबांना, केवळ उत्पन्नाच्या आधारावर.'

साल बरोबर. टक्का बरोबर. पुढचं सगळं घरी बसून रचलेलं.

तो आदेश 26 जुलै 1902 च्या करवीर सरकारच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, गॅझेटमध्ये छापलाय. महाराज तेव्हा इंग्लंडात होते, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला गेलेले. आदेश जेमतेम पानभराचा आहे, आणि शाहू महाराजांवरच्या बऱ्याच पुस्तकांत तो पुरा छापलेला सापडतो. सुरुवातीलाच महाराज खंत व्यक्त करतात, की संस्थानात सर्वांच्या शिक्षणासाठी प्रयत्न झाले, पण मागासलेल्या वर्गांच्या बाबतीत त्यांना म्हणावं तसं यश आलं नाही. कारणही तेच देतात: उच्च शिक्षणाचं फळ पुरेशा लोकांपर्यंत पोचतच नाही. म्हणून इथून पुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायच्या. ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातल्याच माणसाची करायची. आणि मागासलेले वर्ग म्हणजे कोण? तेही मोघम ठेवलेलं नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीच्या सगळ्या जाती.

उत्पन्न हा शब्द औषधालाही नाही. जातींची नावं मात्र घेऊन सांगितलीत.

मला त्या आदेशातलं सगळ्यात आवडतं ते शेवटचं कलम. प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी, या हुकुमानंतर कुणाकुणाला नेमलं याचा तक्ता सादर करायचा. हुकूम काढून मोकळं झालो की खालची मंडळी तो फायलीत दाबतात, हे ज्या राजाला पक्कं ठाऊक होतं त्यानं ते लिहिलंय. 1894 साली ते गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण होते. दुखणं नेमकं कुठं आहे ते त्यांना दिसत होतं, आणि ते त्यांनी नाव घेऊन लिहिलं.

'अहो, पण महाराज गरिबांचे कैवारी होतेच की,' असं बहिणीच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला ऐकवलं. होते ना. कोण नाही म्हणतंय? पण गंगाराम कांबळ्यांची गोष्ट कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असते. अस्पृश्य म्हणून पाण्याला शिवले, एवढ्यावरून मार खाल्लेला माणूस. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली, भाऊसिंगजी रोडवर. हॉटेल निघालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. चहा महाग होता म्हणून? लोकांच्या खिशात पैसे नव्हते म्हणून? महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे, ते कुठली उत्पन्नमर्यादा मोडायला? जात काढून टाकली तर या गोष्टीत नुसता चहा उरतो.

टाइप करताना 1902 चं 1920 झालं असतं तर मी समजू शकलो असतो. हे तसं नाही. कुणीतरी विचार करून 'जातपात न पाहता' हे शब्द घातलेत, कारण आजच्या कुठल्यातरी वादात शाहू महाराज आपल्या बाजूला उभे करायचेत. ज्याला आजचं आरक्षण पटत नाही त्यानं खुशाल तसं म्हणावं, वाद घालावा. महाराजांच्या नावावर स्वतःचा हुकूम खपवू नये.

आता चप्पल. मेसेज म्हणतो की कोल्हापुरी चपलेचं जीआय मानांकन (म्हणजे वस्तू कुठल्या भागातली याचा सरकारी शिक्का) 'फक्त आपल्या कोल्हापूरचे', आणि प्राडा ही इटलीची फॅशन कंपनी आता प्रत्येक जोडामागं आपल्या कारागिराला रॉयल्टी देते. मानांकन 2019 साली मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून, दोन्हीकडचे चार-चार जिल्हे. आपल्याकडं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. तिकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची चप्पल कोल्हापुरीच असते आणि ती चांगलीही असते, हे पचवायला जड जात असेल तर पाणी प्या. प्राडाचं म्हणाल तर जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल दिसली, इथून ओरडा झाला, मग भारतीय चपलेवरून ते सुचल्याचं कंपनीनं मान्य केलं. पुढं करार झाला तोही दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी, ठराविक जोड इथल्या कारागिरांकडून बनवून घेण्याचा. चांगली गोष्ट आहे. पण जगभर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जोडामागं कोल्हापुरात सुभाषनगरात चपला बनवणाऱ्या माणसाच्या खात्यात पैसे पडतात, हे त्या माणसालाच जाऊन सांगा आणि त्याचं तोंड बघा.

बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडं कमवायचं, तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवायचे, खिळा कुठं मारायचा नाही. वेणीचं बारीक काम बऱ्याच घरांत बायकाच करतात. कातडं कमावणारा ढोर समाज आणि चप्पल बनवणारा चर्मकार समाज, या दोघांचं नाव त्या अख्ख्या मेसेजात एकदाही येत नाही. येतं ते प्राडाचं, तीनदा.

खाशाबा जाधवांवरचा मुद्दा वाचून तर कपाळाला हात लावला. 'कोल्हापूरचे सुपुत्र, भारताचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक, खर्च महाराजांनी केला.' खाशाबा गोळेश्वरचे, कराडजवळचे, म्हणजे सातारा जिल्ह्यातले. पदक कांस्य, 1952, हेलसिंकी. आणि पहिलं ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. हॉकीची सुवर्णपदकं 1928 पासून येतच होती. महाराजांच्या खर्चाबद्दल अर्धा गुण देतो: 1948 च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या तेव्हाच्या महाराजांनी मदत केली होती. हेलसिंकीच्या वेळी मात्र लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याला कुस्ती खेळायला पाठवण्यासाठी प्राचार्य घर गहाण टाकतो! अभिमान मिरवायचाच तर याहून भारी काय पाहिजे? पण नाही, सुवर्णपदकच पाहिजे. आणि जिल्ह्यातला पदकवाला हवा असेल तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आहे की, पॅरिस 2024, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन, कांस्य. मेसेजात त्याचा पत्ता नाही.

'देशातला पहिला चित्रपट कोल्हापुरात बनला.' नाही. तो दादासाहेब फाळक्यांचा, 1913, मुंबई. कोल्हापूरचं काम वेगळं आहे आणि कमी नाही: बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' 1932 साली प्रभात फिल्म कंपनीनं इथंच केला. प्रभात पुण्याला गेली ती त्यानंतर.

युनेस्कोनं कोल्हापूरला 'जागतिक वारसा शहर' घोषित केलंय म्हणे. पन्हाळा 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून नोंदल्या गेलेल्या बारा किल्ल्यांत आहे, एवढं खरं. तो मान किल्ल्याचा, शहराचा नव्हे. वारसा शहर म्हणून भारतातली अहमदाबाद आणि जयपूर यादीत आहेत.

राधानगरी धरण महाराजांनी 'सात वर्षांत पूर्ण' केलेलं नाही. काम त्यांनी सुरू केलं. ते 1922 साली गेले आणि धरण पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. सात हा आकडा बहुधा त्याच्या स्वयंचलित दरवाजांचा असावा. पावसाळ्यात त्यातले किती उघडले यावर अख्खं शहर कान लावून असतं.

राहता राहिला मर्सिडीजचा मुद्दा: 'एका दिवसात 150 मर्सिडीज घेणारे जगातले एकमेव शहर, आपले कोल्हापूर.' त्या 150 गाड्या 2010 साली एकदम घेतल्या होत्या तेव्हाच्या औरंगाबादकरांनी, 65 कोटींना. आपल्याकडं मर्सिडीज बऱ्याच आहेत, मान्य. पण ह्या त्यांच्या आहेत. त्यांच्या त्यांना देऊन टाका.