दहा सिलिंडरांचे स्थळ

फ्लॅटचे हप्ते वेळेवर जात आहेत, बँकेत चार पैसे साठले आहेत आणि दारातली आठ वर्षांची हॅचबॅक आजवर एकदाही वाटेत बंद पडलेली नाही, अशा असह्य परिस्थितीत सापडलेल्या गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. आपण जुनी बीएमडब्ल्यू एम५ घ्यावी. त्यातही २००५ ते २०१० या काळात तयार झालेली, ई६० या सांकेतिक नावाने ओळखली जाणारी, पाच लिटरचे व्ही-१० (म्हणजे दहा सिलिंडरांचे) इंजिन असलेलीच घ्यावी. ५०७ अश्वशक्ती आणि मिनिटाला ८,२५० फेऱ्यांपर्यंत किंचाळत जाणारे इंजिन, तेही चार दारांच्या सभ्य सेडानमध्ये! नवी असताना फ्लॅटच्या किमतीला गेलेली ही गाडी आज बऱ्यापैकी एसयूव्हीच्या पैशांत मिळते. ती एवढी स्वस्त का झाली, हा प्रश्न मनात डोकावेल. त्याला आत घेऊ नये. सगळा बाजार आंधळा असून हिरा एकट्या आपल्यालाच दिसला आहे, या भूमिकेवर ठाम राहावे.

जाहिरातीत 'सिंगल हँड, डॉक्टर यूज्ड, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल' असे लिहिलेले असेल, त्यावर पूर्ण विश्वास ठेवावा. डॉक्टर मंडळी गाडी जपून चालवतात ही समजूत कोणी पसरवली हे सांगता येत नाही. बहुधा डॉक्टरांच्या गाड्या विकणाऱ्यांनीच पसरवली असावी. गाडी पाहायला संध्याकाळी, एजंट सांगेल त्या वेळी जावे. आपण पोहोचाल तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेले असेल, आणि बॉनेटला हात लावताच ही ऊब आपल्या स्वागतासाठीच आहे असे समजावे. थंड इंजिन सुरू करताना जे आवाज ऐकायला मिळतात, ते ऐकण्याचा आग्रह धरणे म्हणजे स्थळ पाहायला जाऊन मुलाची पगाराची पावती मागण्यासारखे आहे. ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर नेऊन त्याच्याकडून गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर लावून घेण्याचा तर विचारही करू नये. तो दहा मिनिटांत स्वप्न मोडतो आणि वर पैसेही घेतो.

कागदपत्रांचे फारसे मनावर घेऊ नये. दिल्लीत १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी घालणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला. तेव्हापासून तिकडच्या पुष्कळ उंची गाड्यांना पंधरावा वाढदिवस जवळ आला की इतर राज्यांची ओढ लागते. आपली गाडी त्यांतली निघाली तर ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रस्ता कर आणि नवा नंबर यांच्या निमित्ताने आपला आरटीओशी स्नेह जुळेल. गाडी इथलीच असली तरी निराश होऊ नये. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांचे नूतनीकरण या विधींसाठी तिलाही तिथे न्यावेच लागते.

आता गाडी घरी आली. स्टार्टचे बटण दाबताच ती ५०७ नव्हे, तर ४०० अश्वशक्तीवर जागी होते. उरलेल्या शंभरांसाठी स्टिअरिंगवरचे 'एम' हे बटण दाबावे लागते. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता, पुढे पीएमपीची बस आणि डावीकडून चढलेला रिक्षावाला असताना, हे बटण अवश्य दाबावे. गिअरबॉक्स सात गतींचा असून गिअर बदलण्याच्या तब्बल अकरा पद्धती निवडता येतात, आणि रहदारीत त्यांपैकी प्रत्येक पद्धतीत मानेला सारखाच हिसका बसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेलात तरी तिथे मर्यादा ताशी १०० किलोमीटरची आहे, जी आपली जुनी हॅचबॅकही कुरकुर न करता गाठत असे. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे १०० किलोमीटरला १४.८ लिटर पेट्रोल लागते. हा आकडा युरोपातल्या चाचणीचा असल्यामुळे त्यात सिग्नलला उभे राहून एसी लावणे धरलेले नाही. टाकी ७० लिटरची आहे. पंपावरची मुले आपल्याला नावाने ओळखू लागतील, हा सामाजिक लाभ वेगळाच.

यानंतर गाडी आपले खरे गुण एकेक करून दाखवू लागते. इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, उघडणाऱ्या दोन मोटरींच्या आत प्लास्टिकची दातेरी चाके असतात आणि ती झिजतात. गिअर बदलणारा हायड्रॉलिक पंप एखाद्या दुपारी, शक्यतो चौकाच्या मध्यभागी, निवृत्ती घेतो. तेल १०डब्ल्यू-६० जातीचेच लागते आणि एका वेळी नऊ लिटरच्या आसपास लागते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्याचे नाव सांगितले तर तो आधी आपल्याकडे आणि मग गाडीकडे आदराने बघतो.

मात्र मानाचे स्थान कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांचे आहे. जिथे हा रॉड क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, मिठी मारतो तिथली ही पातळ धातूची कवचे अकाली झिजतात, हे या इंजिनाच्या चाहत्यांत जगजाहीर आहे आणि आपल्यापासून ते एवढे दिवस लपून राहिले ते केवळ आपण कोणाला विचारले नाही म्हणून. तेल गरम होण्याआधी एम५ कधीही पिळू नये, असे जाणकार सांगतात. ते आधीच्या मालकाच्या कानावर गेले होते की नाही, हे इंजिनाच्या खालचा भाग उघडल्यावरच कळते.

तो दिवस चुकवू नये. कामावरून रजा काढून गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसावे. मेकॅनिक जमिनीवर जुना पेपर पसरतो आणि त्यावर दहा सिलिंडरांच्या बेअरिंगांची वीस अर्धवर्तुळे ओळीने मांडतो. ती राखाडी असायला हवीत. त्यांतल्या सात-आठांवर वरचा थर झिजून तांब्याचा लालसर रंग उमटलेला दिसतो, आणि मेकॅनिक काहीच न बोलता एकावरून अंगठा फिरवून तो आपल्याला दाखवतो. त्याच्या अंगठ्यावरच्या तेलात बारीक चकाकी असते. बिल होण्याआधी त्या वीसही चंद्रकोरी मोजून, पिशवीत घालून घरी आणाव्यात, कारण गाडी त्या आठवड्यात काही घरी येत नाही.