सिलोनचं अळू

मुंबईत रेडिओ 1927 साली बोलू लागला. गुहागरजवळच्या आमच्या वाडीत पोचायला त्याला 1955 उजाडलं. एवढा उशीर तर बोटीनंही कधी केला नव्हता.

वाडीत वीज नव्हती, म्हणून रेडिओ बॅटरीवरचा. बॅटरी 90 व्होल्टची, अर्ध्या चिऱ्याएवढी, आणि महाग. ती उतरली की आजोबा आधी तिला खळ्यात ऊन दाखवत. आमसुलं आणि बॅटरी एकाच चटईवर वाळत पडायची, आजी दोन्हींवरचे कावळे हाकायची. पोस्टात पैसे भरून काढलेलं लायसन देवांच्या तसबिरींशेजारी टांगलेलं.

एरियल म्हणजे दोन माडांमध्ये ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी. झावळ पडली की बातम्या बंद. पण खरं दुखणं अर्थिंगचं. ती तार मागीलदारी जमिनीत पुरलेली, आणि मे महिन्यात आमचा जांभा पापडासारखा कोरडा. ओल नसली की नुसती खरखर. म्हणून त्या खड्ड्यात पाणी ओतायचं काम घरातल्या धाकट्याकडे, म्हणजे माझ्याकडे.

बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर, म्हणजे श्रीलंकेच्या केंद्रावर, हिंदी सिनेगाण्यांची गीतमाला. ओटीवर अर्धी वाडी, मी मागे काळोखात कळशी धरून. शॉर्टवेव्हचा आवाज आभाळातल्या वरच्या थरावर आपटून खाली उतरतो, आणि तो थर काही एका जागी स्वस्थ बसत नाही. आवाज चढतो-उतरतो तो त्यामुळे. हे मला कॉलेजात कळलं. आजोबांच्या मते सगळा दोष माझ्या कळशीचा.

आवाज बसला की ओटीवरून हाक, "पाणी घाल रे!"

चढला की, "पुरे मेल्या! सिलोन बुडवतोस काय?"

गीतमालेचे निवेदक अमीन सयानींचं 'बहनों और भाइयों' ऐकलं की मी विहिरीवर. परत येईस्तोवर गाणं दुसऱ्या अंतऱ्यात, आणि कळशी पुन्हा रिकामी. त्या काळातल्या गाण्यांचे मला मुखडे तेवढे येतात. अजूनही लग्नाकार्यात कुणी भेंड्या लावल्या की मी पहिली ओळ दणक्यात उचलतो आणि पाणी प्यायला उठतो.

त्या खड्ड्याकाठी मात्र भर मे महिन्यात अळू असं माजलं, की गुरुवारी फदफदं ठरलेलं. पहिली वाढ आजोबांना. ते भुरका मारून म्हणायचे, "काल काय लख्ख लागलं होतं गो!"

आजीला वाटायचं, अळूबद्दलच बोलतायत.