तीस कोटींची नोकरी, तीही नसलेल्या दीपगृहात

भाचा नोकरी शोधतोय. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, याचा अर्ज कुठे करायचा?’ एरवी असला कचरा मी न वाचता उडवतो. पण पोरगं खरंच विचारत होतं.

मेसेज तुम्हालाही आला असेल. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या फारोस दीपगृहावर राहायचं, दिवा विझू द्यायचा नाही, पगार वर्षाला 30 कोटी. तरी लाटांच्या भीतीने माणूस मिळत नाही म्हणे. मोरेसियस नावाचा कुणी कप्तान तिथल्या खडकांत अडकला, म्हणून ते बांधलं.

अहो, ते दीपगृहच उरलेलं नाही! ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात टॉलेमी राजांनी बांधलं आणि भूकंपांनी खिळखिळं होत गेलं. प्रवासी इब्न बतूता 1326 मध्ये तिथे गेला तेव्हा एक बाजू ढासळलेली होती, तरी आत जाता आलं. 1349 मध्ये परत आला तर दारापर्यंतही चढता येईना. 1477 मध्ये सुलतान कायतबेने त्याच जागी किल्ला बांधायला घेतला. तो आजही उभा आहे, लोक तिकीट काढून बघतात. मग 30 कोटी कोण देतंय, कायतबे? आणि कप्तान मोरेसियस या फॉरवर्डच्या बाहेर मला तरी कुठे भेटला नाही.

मेसेजसोबतचा फोटो मात्र खरा आहे, फक्त इजिप्तचा नाही. तो फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यापलीकडे, भर समुद्रातल्या खडकावर उभ्या असलेल्या ‘ला ज्युमाँ’ दीपगृहाचा. डिसेंबर 1989 च्या वादळात जाँ गिशार यांनी हेलिकॉप्टरमधून काढला. आवाज ऐकून राखणदाराला वाटलं, आपल्याला न्यायला आले. त्याने दार उघडलं, तेवढ्यात मागून मनोऱ्याएवढी लाट उठली. पुढच्या क्षणी आत पळून त्याने दार लावून घेतलं, म्हणून वाचला.

खडक आणि जहाजांच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, एवढं मान्य करतो. ब्रिटनीच्या त्या भागात जहाजं खरोखरच फुटत होती, आणि ‘ला ज्युमाँ’साठी पोट्रों नावाच्या गृहस्थाने मृत्युपत्रात चार लाख फ्रँक ठेवले होते. अट एकच, सात वर्षांत बांधून पुरं करा. 1904 ला काम सुरू झालं, 1911 ला दिवा लागला.

पण तिथेही आता कोणी राहत नाही. 1991 पासून दिवा आपोआप लागतो. इंग्लंडचं एडिस्टोन दीपगृह तर 1982 पासूनच माणसाविना चालतं. तेव्हा ‘माणूस मिळत नाही’ हे राहू द्या, माणूस लागतच नाही.

उद्या या नोकरीच्या नावाने कुणी ‘नोंदणी फी’ मागितली तर भरू नकोस, हे भाच्याला फोन करून सांगितलं. आपल्याकडची दीपगृहं केंद्र सरकारच्या दीपगृह महासंचालनालयाकडे आहेत. तिथे जागा निघाल्या तर रीतसर जाहिरात येते, आणि पगार सरकारी श्रेणीप्रमाणे मिळतो.