एल्कला मॅग्नमच लागते? एक खुलासा

एल्क या थोराड हरणाच्या शिकारीबद्दल ‘एल्कला मॅग्नम रायफलच हवी, आणि पूर्ण जॅकेटची गोळी खोल जाते म्हणून तीच उत्तम’ असा मजकूर अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत फिरतोय. मॅग्नम म्हणजे जास्त दारूच्या, जोरदार काडतुसाची रायफल. दोन्ही अर्धे चूक. दुसरं तर अंगाशी येणारं.

आधी दुसरं. पूर्ण जॅकेटची, म्हणजे टोकापर्यंत कडक धातूचं वेष्टन असलेली गोळी आत शिरल्यावर फुलत नाही (तिचं टोक पसरत नाही), सरळ आरपार जाते. जखम अरुंद राहते आणि जनावर मैलभर जाऊन तडफडतं. कोलोरॅडोत तर ती बेकायदा आहे: तिथे फुलणारीच गोळी लागते, एल्कसाठी किमान 85 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप).

पण नुसतं फुलणंही पुरत नाही. एल्क म्हणजे काश्मीरच्या हंगुलचा भाऊबंद, नर 300 किलोंच्या वर सहज जातो. मऊ गोळी खांद्याच्या हाडावरच विखुरते. अमेरिकी शिकारी जॉन नॉस्लर यांना 1946 मध्ये कॅनडात चिखलाने माखलेल्या मूसवर (एल्कहूनही मोठ्या हरणावर) हाच अनुभव आला. त्यातून त्यांनी मधोमध तांब्याचा पडदा असलेली ‘पार्टिशन’ गोळी केली: पुढचा भाग फुलतो, मागचा आत घुसत राहतो. आज सबंध तांब्याच्याही गोळ्या मिळतात. कॅलिफोर्नियात 2019 पासून शिकारीला शिसं चालतच नाही.

अशी 180 ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमची गोळी थर्टी-ओ-सिक्स या साध्या, मॅग्नम नसलेल्या रायफलमधून फुप्फुसात बसली की काम होतं. मॅग्नम वाईट नाही, लांबच्या नेमाला उपयोगीच. पण धक्क्याला घाबरून डोळे मिटणाऱ्याच्या हातात ती काय कामाची!